लिहिलेलं चार चौकस लोकांपुढं ठेवायचं कसं

लिहून झालेलं असतं, दोनदा तपासूनही झालेलं असतं, तरी ते वहीतून किंवा मोबाइलमधून बाहेर पडत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ, कारवार, बिदर, भालकी या पट्ट्यात मराठीत लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं घोडं नेमकं इथं अडतं. महिन्याच्या बैठकीत ऱ्हस्व-दीर्घापासून कथेच्या शेवटापर्यंत सगळं उकलून बघणारे गुरुजी समोर असले, किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या साहित्य समूहात ‘यात नवीन काय?’ असं तोंडावर विचारणारे असले, की हात आखडतो.

ही भीती नुसता धीर गोळा करून जात नाही. कोणता मजकूर, कुणाला, कधी आणि कोणता प्रश्न विचारून द्यायचा, एवढं आधी ठरवलं की तिचा जोर ओसरतो.

भीती टिकते ती पळवाटांमुळं

पाठवायच्या क्षणी छाती धडधडते, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो. आपण पाठवलेलं लगेच पुसून टाकतो आणि बरं वाटतं. हे बरं वाटणंच घातक आहे. ‘पाठवलं नाही म्हणून वाचलो’ असा धडा मन घेतं आणि पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. टाळलं की भीती वाढते, हे चिंतेवरच्या उपचारांतलं मूळ तत्त्व आहे.

पुसून टाकणं ही उघड पळवाट झाली. बाकीच्या पळवाटा सोज्ज्वळ दिसतात. एक म्हणजे न संपणारी दुरुस्ती. दुसरी, फक्त कौतुक करणाऱ्यांनाच वाचायला देणं. तिसरी आपल्याकडं सर्रास दिसते: ‘सहज सुचलं म्हणून लिहिलं, चुका असतील, सांभाळून घ्या’ ही प्रस्तावना. ती नम्र वाटते, पण तिनं वाचकाचे हात बांधले जातात. भला माणूस ‘छान’ म्हणून मोकळा होतो आणि खवचट माणूस चुकाच शोधायला बसतो. लेखनाबद्दल कामाचं काहीच कळत नाही. ही ओळ काढून टाका.

सगळे आपल्याकडंच बघताहेत, हाही अंदाज बहुतेक वेळा फुगलेला असतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना एका खोलीत पाठवलं. खोलीतल्या साधारण निम्म्या लोकांनी ते चित्र टिपलं असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांनी टिपलं होतं. तुमची चुकलेली वेलांटी तुम्हाला जितकी खुपते, तितकी समूहातल्या शंभर जणांना खुपत नाही.

पहिला मजकूर कोणता

सगळ्यात जिवाजवळचा मजकूर आधी देऊ नका. वडील जाऊन चार महिने झाले असतील तर त्यांच्यावरचा लेख अजून घरात राहू द्या. त्यावर वाचक मोकळेपणानं बोलत नाहीत, आणि बोललेच तर ते लेखाबद्दल आहे की वडिलांबद्दल हे ऐकणाऱ्याला वेगळं करता येत नाही.

पहिल्या खेपेला चारशे ते सहाशे शब्दांचं गद्य किंवा सोळा-वीस ओळींची कविता पुरते. मजकूर पूर्ण हवा. अर्धवट कथा दिली की सगळी चर्चा ‘पुढं काय होणार’ यावरच होते. लिहून झाल्यावर चार-पाच दिवस बाजूला ठेवा, मग एकदा मोठ्यानं वाचा. जीभ जिथं अडखळते तिथं वाक्य मोडलेलं असतं.

सीमाप्रश्नावरचा लेख पहिला लेख म्हणून निवडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. विषय महत्त्वाचा नाही म्हणून नव्हे, उलट तो फार महत्त्वाचा आहे म्हणून. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. घराघरात त्याची आठवण आहे. अशा लेखावर लोक भूमिकेबद्दल बोलतात, टाळ्या किंवा शिव्या भूमिकेला मिळतात. वाक्य कसं आहे, मांडणी कुठं सैल पडली, हे कुणी सांगत नाही. तुम्हाला लेखनाबद्दल ऐकायचं असेल तर आधी बाजार, शाळा, भाताची लावणी, एसटीचा प्रवास यावरचं काही द्या.

याच्याशी जोडलेलं एक ओझंही उतरवायला हवं. इथं मराठीत लिहिणाऱ्याला नकळत वाटत राहतं की आपलं लेखन कमी पडलं तर सगळ्या सीमाभागाची मान खाली जाईल. एका सहाशे शब्दांच्या मजकुरावर असला भार टाकू नये. तो मजकूर एका माणसाचा आहे, त्याला तेवढंच राहू द्या.

पायऱ्या पाडून घ्या

एका कागदावर लेखन लोकांपुढं नेण्याचे सहा-सात प्रकार लिहा आणि प्रत्येकापुढं भीतीचे गुण टाका, शून्य ते शंभर. नमुना असा: स्वतःच्या आवाजात वाचून रेकॉर्ड करून ऐकणं १५, एका विश्वासू माणसाला देणं ३०, फारशा ओळखीच्या नसलेल्या दोघांना देणं ४५, समूहात टाकणं ६०, बैठकीत समोर बसून वाचणं ७०, दैनिकाच्या रविवार पुरवणीला पाठवणं ७५, संमेलनातल्या कविसंमेलनात वाचणं ९०. तुमचे आकडे वेगळे येतील. काहींना समूहापेक्षा सख्ख्या भावाला वाचायला देणं अवघड जातं.

तीस-चाळीस गुणांच्या पायरीपासून सुरुवात करा. त्याच पायरीवर आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा जा. गुण निम्म्यावर आले की पुढची पायरी घ्या. घाईनं थेट नव्वदीला उडी मारली आणि तिथं वाईट अनुभव आला, तर खालच्या पायऱ्याही पुन्हा अवघड होतात.

पहिला वाचक निवडताना नातं बघू नका. जो वाचतो, ज्याला आवडलं-नावडलं याचं कारण सांगता येतं आणि जो दुसऱ्याचं लेखन चहाच्या टपरीवर चघळत नाही, असा माणूस हवा. अशी माणसं जिथं जमतात तिथं आधी नुसतं ऐकायला जा. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे. शहरात वाङ्मय चर्चा मंडळ आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमानी अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात. दोन बैठका गप्प बसून ऐकल्या की कोण मजकुराबद्दल बोलतो आणि कोण स्वतःबद्दल, हे लक्षात येतं. टीका मग ‘लोकांची’ राहत नाही, अमक्या सरांची आणि तमक्या अक्कांची होते. माणूस ओळखीचा झाला की त्याच्या बोलण्याचं वजन किती धरायचं हेही ठरवता येतं.

पहिल्या पायरीवरच झोप उडत असेल, जेवण जात नसेल, किंवा लेखनच नव्हे तर दुकानात बोलायचीही धास्ती वाटत असेल, तर प्रश्न लेखनाचा राहिलेला नाही. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा मोफत क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठी व कन्नड दोन्ही भाषांत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे. अशा चिंतेवर चांगले उपचार आहेत. त्यासाठी लेखन सोडावं लागत नाही.

‘अशुद्ध’ म्हणतील ही धास्ती

सीमाभागातल्या लेखकाची सगळ्यात मोठी भीती हीच आहे. शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची, घरात बोली, वाचन पुण्या-मुंबईच्या पुस्तकांचं. त्यामुळं कुणी ‘भाषा अशुद्ध आहे’ म्हटलं की पायाखालची जमीन सरकते. पण या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात आणि तिन्हींना तीन वेगळे उपाय आहेत.

पहिली गोष्ट शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे एकूण अठरा आहेत. एका रविवारी वाचून होतात. त्यांतले चार-पाच नीट बसले की बहुतेक चुका जातात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा: कवी, गती, गुरू. ‘आणि’ व ‘नि’ हे अपवाद. गरीब, फूल यांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व: गरिबाला, फुलाला. अनेकवचनात प्रत्ययाआधी अनुस्वार: एका डोळ्यात, पण दोन्ही डोळ्यांत. आदरार्थी बोलतानाही तो लागतो: शिक्षकांनी सांगितलं. तपासताना शेवटच्या वाक्यापासून उलट वर या. सरळ वाचलं की डोळे अर्थामागं धावतात आणि वेलांटी निसटते.

दुसरी गोष्ट कन्नडच्या वळणानं येणारी व्याकरणाची चूक. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी असतात, मराठीत ‘भिंत’ ती, ‘दरवाजा’ तो आणि ‘घर’ ते. कन्नड माध्यमात शिकलेल्याचा हात इथं हमखास घसरतो. ज्या नामापाशी अडखळायला होतं ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, शब्दकोशात बघा आणि पुढं तो, ती, ते टाकून ठेवा. ही यादी फार लांबत नाही, कारण आपण त्याच त्या शब्दांपाशी घसरत असतो.

तिसरी गोष्ट बोली, आणि ती चूक नव्हेच. ‘काय करूलास?’, ‘येतो की’, ‘जेवलास काय?’ हे इथल्या माणसाच्या तोंडचं बोलणं आहे. पात्राच्या तोंडी बोलण्यातली रूपं लिहायला शुद्धलेखनाचे नियमही मोकळीक देतात. मात्र इथं एक खरी चूक होते. लेखक पहिल्या तीन संवादांत बोली वापरतो आणि चौथ्यापासून, कुणी हसेल या भीतीनं, तीच म्हातारी पुस्तकी बोलायला लागते. जाणकार वाचक यावर बोट ठेवतो तेव्हा त्याचं बरोबर असतं. एका पात्राला एक बोली ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. निवेदन कुठल्या भाषेत हेही आधीच ठरवा.

कन्नड शब्द आला तर कंसात अर्थ देत बसू नका. प्रसंगातूनच तो कळला पाहिजे. ‘“बर्री, बर्री,” म्हणत दुकानदारानं स्टूल पुढं सरकवलं आणि पोराला दोन चहा सांगितले.’ साताऱ्याचा वाचकही इथं अडत नाही.

मजकूर देताना खाली एवढंच लिहा: ‘संवादातली बोली मुद्दाम ठेवली आहे. निवेदनात शुद्धलेखनाची चूक दिसली तर जरूर दाखवा.’ या दोन वाक्यांनी निम्मे वाद उगवतच नाहीत.

प्रश्न विचारून द्या

‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘छान’ किंवा ‘ठीक’ यापलीकडं उत्तर येत नाही. ज्याची तुम्हाला खरोखर शंका आहे त्यावर दोन प्रश्न विचारा: ‘कुठल्या ओळीपाशी कंटाळा आला?’ ‘शेवट वाचल्यावर मुलगी घरी परत गेली असं वाटतं का?’ दोनच. पाच प्रश्न दिले की वाचकाला परीक्षा वाटते.

पाठवण्याआधी एका कागदाचे उभे दोन भाग करा. डावीकडं काय होईल असं वाटतं ते लिहा: ‘सगळे हसतील’, ‘सर म्हणतील हे लेखनच नाही’, ‘कुणीच काही बोलणार नाही’. उजवी बाजू रिकामी ठेवा. आठवड्यानं तिथं प्रत्यक्ष काय झालं ते लिहा. असे चार-पाच कागद साठले की आपला अंदाज किती वेळा चुकतो हे स्वतःच्या अक्षरात दिसतं, आणि ते कुणाच्या समजावण्यापेक्षा जास्त पटतं.

पाठवल्यानंतरचा दिवस

सकाळी कामावर जाण्याआधी पाठवा, रात्री झोपताना नको. समूहाच्या सूचना बंद करा आणि बघायच्या वेळा ठरवा, दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा. दर पाच मिनिटांनी निळ्या खुणा मोजणं ही भीतीला खतपाणी घालण्याची पक्की रीत आहे. निळी खूण म्हणजे उघडलं एवढंच; वाचलं, आवडलं, नावडलं यांतलं काहीच तिच्यातून कळत नाही. शांतता पसरली तर चार दिवस थांबा, मग एकाच व्यक्तीला एकच प्रश्न विचारा.

छाती धडधडत असेल तर चार मोजेपर्यंत श्वास आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर, असं पाच मिनिटं करा. श्वास सोडणं लांबलं की नाडीचा वेग उतरतो.

पहिल्या चोवीस तासांत कुणालाही सविस्तर उत्तर देऊ नका. ‘गुरुजी, वाचलंत, आभारी आहे. दोन दिवसांनी लिहितो’ एवढं पुरे. याच दिवशी माणूस बचावाचे लांबलचक खुलासे लिहितो आणि नंतर पस्तावतो. जे समजावून सांगावं लागतं ते मजकुरात राहून गेलेलं असतं; त्याची जागा मजकुरात.

शेरे वेगळे करा

समजा कुणी हा परिच्छेद दिला आहे:

‘पाऊस धो धो कोसळत होता. आईच्या डोळ्यात अश्रूंचा महापूर होता. शेतात रोपे डोलत होती आणि माझ्या मनात आठवणींचा काहूर माजला होता.’

पाच शेरे आले. एक: ‘काहूर माजलं, आणि डोळ्यांत.’ दोन: ‘अश्रूंचा महापूर फार वेळा वाचलाय.’ तीन: ‘आई का रडते तेच कळलं नाही.’ चार: ‘ललित आता कोण वाचतं? कथा लिहा.’ पाच: ‘आधी मराठी शिका.’

पहिला शेरा पाच मिनिटांचं काम आहे. दुरुस्त करा, आभार माना. चौथा शेरा त्या वाचकाची आवड सांगतो, तुमच्या परिच्छेदाबद्दल काही सांगत नाही, सोडून द्या. पाचव्याला एकदाच, शांतपणे विचारा: ‘नेमकी कुठली जागा खटकली?’ जागा दाखवली तर तो पहिल्या प्रकारात गेला. नाही दाखवली तर तिथंच विषय संपला.

सोनं तिसऱ्या शेऱ्यात आहे. लेखकाला आई का रडते ते पक्कं ठाऊक असतं, म्हणून कागदावर ते आलेलं नाही हे त्याला दिसत नाही. आणि नीट पाहिलं तर दुसरा शेरा तिसऱ्यातूनच उगवलेला आहे. कारण सापडलं नाही म्हणून तयार शब्द येऊन बसले. आता दुरुस्ती अशी होऊ शकते:

‘पाऊस थांबत नव्हता. आईनं रोपांची जुडी खाली ठेवली, ओल्या हातानंच चष्मा काढला आणि बांधावर बसली. सोसायटीचा हप्ता भरायची उद्या शेवटची तारीख होती.’

अश्रू गेले, महापूर गेला, काहूरही गेलं, त्यामुळं त्याच्या लिंगाचा प्रश्नच उरला नाही. एकच शेरा तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत दिला तर ती जागा बदलाच. मात्र उपाय त्यांनी सुचवलेलाच हवा असं नाही. वाचकाला दुखतं कुठं हे तो बरोबर सांगतो, औषध बऱ्याचदा चुकीचं सांगतो.

जात, दिसणं, बाईपण यांवर घसरलेला शेरा ही टीका नव्हे. त्याला उत्तर न देता संयोजकांना कळवा. त्यांनी काही केलं नाही तर तो समूह सोडा. लिहिणाऱ्या बायकांना लेखनाच्या निमित्तानं खासगी संदेश येऊ लागतात. चर्चा समूहातच ठेवा, संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, नंबर अडवून टाका.

लहान गावात आणखी एक धास्ती असते: गोष्टीतली शेजारीण कोण हे लोक ओळखतील. नुसतं नाव बदलून भागत नाही. धंदा, घराची जागा, मुलांची संख्या, यांतल्या निदान दोन गोष्टी बदला. घरातल्या कुणावर लिहिलं असेल तर ते बाहेर जाण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवा.

समोर उभं राहून वाचताना

गावच्या संमेलनात कविसंमेलन बहुधा दिवसाच्या शेवटी येतं. सकाळच्या ग्रंथदिंडीपासून बसलेली माणसं तोवर दमलेली असतात. त्यांची चुळबुळ तुमच्या कवितेवरचा शेरा नसतो. संथ वाचनात मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द होतात. तीन मिनिटं मिळाली तर अडीचशे शब्दांचीच तयारी ठेवा. कविता मोबाइलवर न ठेवता मोठ्या अक्षरांत छापून न्या, म्हणजे पडदा विझण्याची भानगड नाही, आणि कागद पुठ्ठ्यावर लावा, म्हणजे हात थरथरला तरी तो फडफडत नाही. पहिल्या दोन ओळी पाठ करून ठेवा, कारण आवाज कापतो तो तिथंच. आणि सूत्रसंचालकाची चिठ्ठी आली तर कुठलं कडवं गाळायचं, त्यावर घरूनच पेन्सिलची खूण करून न्या.